दवंडीपासून मोबाईलपर्यंत : कलासंस्था आणि त्यांचा प्रेक्षक

कला कलावंताच्या ठायी जन्म घेते, परंतु ती पूर्णत्वास जाते ती रसिकापाशी, असे आपल्याकडे फार पूर्वीपासून मानले गेले आहे. संस्कृत शास्त्रकारांनी अशा रसिकाला 'सहृदय' असे सुंदर नाव दिले. नाटक लिहून झाले, तालमी झाल्या, पडदाही वर गेला. पण समोर माणूसच नसेल तर त्याला नाटक म्हणता येईल काय? म्हणूनच नाटक मंडळी असो, तमाशाचा फड असो, भजनी मंडळ असो वा वस्तुसंग्रहालय असो, प्रत्येक कलासंस्थेला दोन कामे करावी लागतात. एक, कला उभी करणे. आणि दुसरे, तिच्यासाठी माणूस जमवणे. पहिल्या कामावर आपल्या अभ्यासक्रमात पुष्कळ ग्रंथ आहेत. दुसऱ्या कामाला मात्र 'ती धंद्याची बाब' म्हणून बाजूस सारण्यात येते. प्रस्तुत लेखात मला या दुसऱ्या कामाचा, आणि विशेषतः गेल्या दहा-पंधरा वर्षांत समाजमाध्यमांनी त्यात जो बदल घडवला त्याचा विचार करावयाचा आहे.

हा विषय मी निवडला त्यालाही कारण आहे. आपला हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. मुंबई-पुण्याची व्यावसायिक नाटके आपल्याकडे क्वचितच येतात. माझ्यासारख्या खेड्यातून येणाऱ्या, आणि घरातून महाविद्यालयाची पायरी पहिल्यांदाच चढलेल्या मुलीने नाटक म्हणून जे प्रथम पाहिले ते मोबाईलच्या पडद्यावर. उलट, आमच्या गावची भजने, भारुडे आणि जयंतीची गाणी आता त्याच पडद्यावरून गावाबाहेर जात आहेत. म्हणजे कला आत येते आहे आणि बाहेरही जाते आहे. या देवाणघेवाणीचा हिशेब बरोबर आहे काय, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे.

१. जुनी साधने आणि त्यांची तीन कामे

मोबाईल येण्यापूर्वी प्रेक्षक जमत नव्हते असे नाही. हलगी वाजवून गल्लीगल्लीतून दवंडी दिली जाई. पुढे छापील हस्तपत्रके आली, भिंतीवरची रंगीत पत्रके आली, आणि भोंगा लावून गावातून फिरणारी गाडी आली. या साधनांकडे बारकाईने पाहिले तर ती तीन वेगवेगळी कामे करीत होती असे दिसते. ती म्हणजे वर्दी, भरवसा आणि प्रतिसाद.

वर्दी म्हणजे काय आहे, कोठे आहे, केव्हा आहे हे कळवणे. मराठी रंगभूमीला वर्दीची गरज केव्हा पडली ते पाहणे उद्बोधक आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' सादर केले, तेव्हा त्यांना सांगलीच्या संस्थानिकांचा आश्रय होता. प्रेक्षक दरबारातच बसलेला होता. त्याला शोधावयाचे नव्हते. १८५१ साली चिंतामणराव पटवर्धन वारले आणि तो आश्रय सुटला. मग मंडळी गावोगाव फिरू लागली, आणि १८५३ साली मुंबईस ग्रँट रोडवरील नाट्यगृहात तिकीट लावून प्रयोग झाले. राजाच्या जागी पैसे मोजणारा अनोळखी नागरिक आला. अनोळखी माणसाला घरातून बाहेर काढावयाचे तर त्याच्यापर्यंत बातमी पोहोचवणे भाग होते. आजच्या कलासंस्थांची सारी धडपड याच घटनेच्या पुढची आहे, असे मला वाटते.

दुसरे काम भरवशाचे. पुणे जिल्ह्यातील नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. पाडव्याच्या सुमारास तेथे निरनिराळ्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावची यात्रा कमिटीची माणसे तेथे येतात, चार राहुट्यांतून चौकशी करतात, मागच्या वर्षी कोणाचा वग रंगला, कोणाची गवळण चांगली, हे एकमेकांना विचारतात आणि मग सुपारी ठरते. तेथे नुसते पत्रक कामास येत नाही. 'आमच्या गावाला गेल्या साली हाच फड होता, माणूस हलला नाही' हे दुसऱ्या गावच्या पाटलाचे एक वाक्य शंभर पत्रकांच्या बरोबरीचे असते.

तिसरे काम प्रतिसादाचे, आणि माझ्या मते ते सर्वांत महत्त्वाचे आहे. संगीत नाटकात 'वन्समोअर' होता. तमाशात दौलतजादा होती. पैसे देणाऱ्याचे नाव पुकारले जाई. कीर्तनात तर ऐकणारा आणि गाणारा यांच्यात भिंतच नसते. बुवा चरण सोडतात आणि टाळकऱ्यांसह सारी सभा ते उचलते. संत नामदेवांचे नरसी हे गाव आपल्याच जिल्ह्यात, हिंगोली तालुक्यात आहे. शीखांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. त्या काळी छापखाना नव्हता, आकाशवाणी नव्हती. ऐकणाऱ्याने ऐकून घरी जाण्याऐवजी स्वतः गायला सुरुवात केली, म्हणूनच एक वाणी महाराष्ट्रातून पंजाबपर्यंत जाऊ शकली.

हीच गोष्ट आंबेडकरी जलशांत दिसते. भीमराव कर्डक यांच्यासारखे जलसाकार आणि पुढे वामनदादा कर्डक (१९२२-२००४) गावोगाव हिंडले. वामनदादांची गाणी प्रथम तोंडोतोंडी गेली, मग ध्वनिफितींवर गेली. वस्तीतला ऐकणारा मुलगाच पुढच्या जयंतीला गायक म्हणून उभा राही. प्रेक्षकच माध्यम झाला होता, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

२. नव्या माध्यमाने काय बदलले?

यूट्यूब २००५ साली सुरू झाले, व्हॉट्सॲप २००९ साली आणि इन्स्टाग्राम २०१० साली. परंतु आमच्या खेड्यांपुरते बोलावयाचे तर खरा बदल झाला तो सप्टेंबर २०१६ नंतर, जेव्हा जिओच्या आगमनाने इंटरनेट एकदम स्वस्त झाले. त्याआधी चित्रफीत पाहणे ही पैशाची उधळपट्टी होती. त्यानंतर ती फावल्या वेळची गोष्ट झाली.

वर सांगितलेल्या तीन कामांपैकी पहिले काम या माध्यमाने जवळजवळ फुकट करून टाकले. वृत्तपत्रात चार ओळींची जाहिरात देणे ज्या हौशी मंडळीला परवडत नव्हते, तिला आता आपल्या प्रयोगाची वर्दी शेकडो लोकांना क्षणात देता येते. हा लहान संस्थांचा मोठाच लाभ आहे. परभणी आणि नांदेड केंद्रांवर राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी होते. तेथे उतरणाऱ्या हौशी संघांना पूर्वी ओळखीच्याच माणसांवर अवलंबून राहावे लागे. आज तालमीचे एक छायाचित्र टाकले की निदान नाटकाचे नाव तरी चार अनोळखी माणसांना कळते.

परंतु सर्वांनीच दवंडी द्यायला सुरुवात केली तर कोणाचीच हलगी ऐकू येत नाही. फेसबुक वा इन्स्टाग्रामवर कोणाला काय दिसावे हे शेवटी त्या कंपनीची यंत्रणा ठरवते. माणूस जेथे जास्त वेळ थांबतो तेच ती पुढे सरकवते. सव्वादोन तासांच्या नाटकाची आणि अर्ध्या मिनिटाच्या गंमतीची तेथे एकाच तराजूत तुलना होते.

व्हॉट्सॲपचे मात्र थोडे निराळे आहे. त्यावर एकाच वेळी अनेकांना संदेश पाठवण्याची जी 'ब्रॉडकास्ट' सोय आहे, तीत संदेश फक्त त्यालाच पोहोचतो ज्याने पाठवणाऱ्याचा क्रमांक आपल्या मोबाईलमध्ये जपून ठेवलेला असतो. अफवांमुळे घडलेल्या दुर्घटनांनंतर २०१८ मध्ये भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल अशी मर्यादाही घालण्यात आली. मला या दोन्ही गोष्टी कलासंस्थांच्या दृष्टीने बोलक्या वाटतात. ज्याने आपला क्रमांक जपून ठेवला तो माणूस आपला आहे. बाकीचे केवळ वाटेने जाणारे आहेत. म्हणजे नव्या माध्यमातही नारायणगावच्या राहुटीतला भरवसा लागतोच.

आणखी एक धडा २०२० सालाने दिला. टिकटॉक या माध्यमावर ग्रामीण भागातील कितीतरी तरुण नाचत, गात, विनोद करीत होते. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने त्यासह ५९ ॲपवर बंदी घातली. त्या निर्णयाची राजकीय कारणे वेगळी आहेत, त्यांत येथे शिरण्याचे कारण नाही. पण ज्यांनी आपला सारा प्रेक्षक एकाच ठिकाणी साठवला होता त्यांचा प्रेक्षक एका रात्रीत नाहीसा झाला. दुसऱ्याच्या वाड्यात तंबू ठोकणाऱ्याने आपली माणसे कोठे राहतात हे स्वतःच्या वहीतही लिहून ठेवावे, हेच यावरून समजते.

३. काही उदाहरणे

आता काही कलासंस्थांनी या माध्यमाचा उपयोग कसा केला ते पाहू.

इंग्लंडमध्ये रेडिंग विद्यापीठाचे ग्रामीण जीवनाचे एक संग्रहालय आहे. नांगर, गाड्या, शेतीची अवजारे आणि जुनी छायाचित्रे हा त्याचा संग्रह. अशा ठिकाणी कोण जाणार, असे कोणालाही वाटेल. एप्रिल २०१८ मध्ये या संग्रहालयाने ट्विटरवर आपल्या संग्रहातील एका धष्टपुष्ट मेंढ्याचे जुने छायाचित्र टाकले, आणि त्याखाली सरकारी भाषेतली माहिती न देता एखाद्या गावकऱ्याने कौतुकाने म्हणावे तसे एक वाक्य लिहिले. ते छायाचित्र जगभर गेले आणि संग्रहालयाचे नाव लोकांना ठाऊक झाले. यातले मर्म असे की त्यांनी लोकांना आवडावे म्हणून आपल्या विषयाबाहेरचे काही आणले नाही. मेंढा त्यांच्याच संग्रहातला होता. बदलली ती बोलण्याची रीत. आमच्या गावातल्या माणसांना मेंढा नवा नाही, तिफण नवी नाही. पण त्या गोष्टी 'पाहण्यासारख्या' आहेत असे आपल्याला कोणी सांगितलेले नाही.

दुसरे उदाहरण लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयाचे. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे संग्रहालयाची दारे बंद झाली. तेव्हा त्यांनी लोकांना आवाहन केले की घरातल्या वस्तू वापरून एखाद्या प्रसिद्ध चित्राची नक्कल उभी करा आणि छायाचित्र पाठवा. लोकांनी चादरी, भांडी, भाज्या, कुत्री-मांजरे घेऊन चित्रे उभी केली. मूळ कल्पना हॉलंडमधील एका इन्स्टाग्राम खात्याची होती आणि गेटीने ते मोकळेपणाने सांगितले. नक्कल करावयाची म्हणजे मूळ चित्र नीट पाहावे लागते. हात कोठे आहे, उजेड कोठून येतो हे न्याहाळावे लागते. म्हणजे खेळाच्या निमित्ताने लोकांनी चित्राचा अभ्यास केला. वर मी ज्याला 'प्रतिसाद' म्हटले तो हाच.

त्याच वर्षी लंडनच्या नॅशनल थिएटरने एप्रिलपासून आपली चित्रित नाटके आठवड्याला एक याप्रमाणे यूट्यूबवर विनामूल्य दाखवली. एक नाटक एकच आठवडा राही. पुढे डिसेंबरमध्ये त्यांनी पैसे भरून पाहण्याची स्वतःची व्यवस्था सुरू केली. आधी आमंत्रण, मग तिकीट, असा हा क्रम आहे. चांगली कला कायमची फुकट ठेवली तर कलावंत जगणार कसा, हा विचार त्यामागे दिसतो.

आपल्या मराठी रंगभूमीलाही त्या काळाचा मोठा फटका बसला. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहे बंद झाली. नोव्हेंबरमध्ये निम्म्या आसनांवर ती उघडली, २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली, आणि २२ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा निम्म्या आसनांनिशी सुरू झाली. या मधल्या काळात, २०२० साली, हृषीकेश जोशी यांनी 'मोगरा' हा थेट प्रयोग इंटरनेटवरून केला. कलावंत आपापल्या घरी आणि प्रेक्षक आपापल्या घरी. त्याला त्यांनी 'नेटक' असे नाव दिले. नाटकच ते, की आणखी काही, यावर वाद होऊ शकेल. पण प्रयोग त्याच क्षणी घडतो आहे, हे नाटकाचे मूळ लक्षण त्यांनी सोडले नाही, ही गोष्ट मला लक्षणीय वाटते. पुढे नाट्यगृहे उघडल्यावर नाट्यसंस्थांनी पडद्याचा उपयोग मुख्यतः बोलावण्यासाठी केला. प्रयोगांची यादी, तालमीतला एखादा तुकडा, नाट्यगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकाचे दोन शब्द, आणि तिकिटाची सोय. प्रशांत दामले यांनी तर नाटकाच्या तिकिटांसाठी 'तिकिटालय' नावाचे ॲपच काढले. येथे पूर्ण नाटक पडद्यावर दिसत नाही. पडदा दवंडी देतो. फड नाट्यगृहातच रंगतो.

याच्या उलट दिशेने गेलेली संस्था म्हणजे 'भाडिपा', अर्थात भारतीय डिजिटल पार्टी. सारंग साठये, अनुषा नंदकुमार आणि पॉला मॅकग्लिन यांनी २०१६ साली ती सुरू केली. तिचा जन्मच यूट्यूबवरचा. घरात आई जसे बोलते, मित्र कट्ट्यावर जसे बोलतात, तसे मराठी त्यांनी पडद्यावर आणले. आमच्या पिढीला वाटले की ही आपली भाषा आहे. पुढे त्यांनी तिकीट लावून रंगमंचावर मराठी विनोदाचे कार्यक्रम केले. म्हणजे नाटकवाले रंगमंचावरून पडद्याकडे आले आणि भाडिपा पडद्यावरून रंगमंचाकडे गेली. दोघांची भेट एकाच ठिकाणी झाली, ती म्हणजे समोर बसलेल्या माणसापाशी. पडद्यावर कितीही लोक मिळाले तरी कलावंताला समोरच्या माणसाचे हसू हवे असते, असाच याचा अर्थ आहे.

४. आपल्या गावाकडची स्थिती

वरील उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. आपले काय दाखवायचे, किती दाखवायचे आणि त्याखाली कोणाचे नाव घालायचे, हे त्या त्या संस्थेने स्वतः ठरवले. आमच्या गावाकडे नेमके हेच घडत नाही.

माझे वडील शेतमजूर आहेत. हळदीच्या हंगामात काढणीला आणि शिजवणीला जातात. आणि गेली अनेक वर्षे गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. दोन वर्षांपूर्वी सप्ताहाच्या काल्याला कोणी पाहुणा आला, त्याने भजन मोबाईलवर घेतले आणि आपल्या चॅनेलवर टाकले. आमच्या देवळात आजवर कधी जमली नसतील इतकी माणसे त्या पडद्यापुढे येऊन गेली. घरातल्यांना आनंद झाला, मलाही झाला. परंतु त्या चित्रफितीखाली ना मंडळाचे नाव होते, ना गावाचे, ना वाजवणाराचे. शेजारच्या तालुक्यातल्या कोणाला हे मंडळ आपल्या सप्ताहाला बोलवावेसे वाटले असते, तरी त्याला पत्ता सापडला नसता. पखवाजाची पुडी बदलायची तर मंडळाने त्या वर्षीही वर्गणीच काढली. वडिलांना मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "नेलं तर नेलं, देवाचं नाव गेलं ना लांब?" त्यांच्या दृष्टीने ते खरेच आहे. पण अभ्यासक म्हणून मला एवढ्यावर थांबता येत नाही. वासुदेव, गोंधळी, पोतराज, भारूड करणारे, जयंतीला गाणाऱ्या गायन पार्ट्या, या सर्वांची स्थिती थोड्याफार फरकाने अशीच आहे.

यूट्यूबवर जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी चॅनेलला किमान १००० वर्गणीदार लागतात आणि वर्षभरात लोकांनी ते ४००० तास पाहिलेले असावे लागते. छोट्या चित्रफितींसाठी निराळी अट आहे. दहा ठिकाणची गाणी गोळा करणाऱ्या चॅनेलला हे साधते. वर्षातून चार कार्यक्रम करणाऱ्या एका मंडळाला ते साधत नाही. म्हणजे कला ज्याची त्याला प्रेक्षक मिळत नाही, आणि प्रेक्षक ज्याला मिळतो त्याची कला नसते.

तमाशाच्या फडांपुढचा प्रश्न याहून बिकट आहे. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी गावोगावच्या यात्रा रद्द झाल्या आणि फडांची भर हंगामातली सुपारी गेली. फडाचे भांडवल म्हणजे त्याचा वग. तोच कोणी प्रेक्षकांत बसून पूर्ण चित्रित केला आणि पसरवला, तर पुढच्या गावची माणसे 'हा तर पाहिलेला आहे' असे म्हणू शकतात. शिवाय एक गोष्ट मुलगी म्हणून मला स्पष्ट लिहिली पाहिजे. तमाशात नाचणाऱ्या स्त्रिया आपले काम करीत असतात. त्यांच्याकडे मोबाईल रोखून नको तेवढेच दृश्य घेणे, आणि त्याला सवंग मथळा देऊन पसरवणे, याला रसिकता म्हणता येणार नाही. कनातीत बसलेला प्रेक्षक चुकीचा वागला तर फडमालक त्याला उठवू शकत होता. पडद्यापलीकडच्या माणसाला कोण उठवणार?

५. कायदा काय सांगतो?

या बाबतीत कायदा अगदी मुका नाही, हे अभ्यास करताना मला समजले. कॉपीराइट कायदा १९५७ सालचा आहे. १९९४ च्या दुरुस्तीने त्यात लेखक-संगीतकारांप्रमाणेच सादरकर्त्याचाही अधिकार मान्य झाला. सादरकर्ता कोण, याची यादी मोठी वाचनीय आहे. नट, गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर तीत कसरती करणारा, हातचलाखी करणारा, जादूगार, गारुडी आणि व्याख्यान देणारा यांचाही समावेश आहे. म्हणजे कायद्याने डोंबाऱ्याला आणि प्राध्यापकांना एकाच रांगेत बसवले आहे! या सादरकर्त्याच्या संमतीवाचून त्याच्या प्रयोगाचे ध्वनिमुद्रण वा चित्रण करून त्याचा प्रसार करणे, हा त्याच्या अधिकाराचा भंग ठरू शकतो. खाजगी उपयोग, अध्यापन, संशोधन, बातमी अशा कारणांसाठी सवलती आहेत. हा अधिकार ५० वर्षे टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक महत्त्वाची भर पडली. आपल्या प्रयोगाबरोबर आपले नाव जोडले जावे, आणि अब्रूला बाधा येईल अशी मोडतोड तीत होऊ नये, असा हक्कही सादरकर्त्याला मिळाला.

अर्थात गावच्या वासुदेवाने वकील करावा आणि न्यायालयात जावे, असे मी सुचवीत नाही. परंतु नाव विचारणे ही केवळ सौजन्याची बाब नसून तो समोरच्याचा हक्क आहे, एवढे तरी आपण सुशिक्षितांनी जाणले पाहिजे.

६. आपण काय करू शकतो?

आपल्या विद्यापीठाच्या युवक महोत्सवात आपले विद्यार्थी दरवर्षी लोककलांचे प्रकार सादर करतात. त्यासाठी आपण गावातल्या जाणत्यांकडून चाली आणि ओव्या घेतो. महोत्सव संपला की ते जाणते आणि आपण वेगळे होतो. म्हणून महाविद्यालयाच्या सांस्कृतिक विभागापुढे आणि माझ्या मित्र-मैत्रिणींपुढे मी काही सूचना नम्रपणे ठेवते.

पहिली सूचना अशी की लोककलावंताचे चित्रण करण्यापूर्वी त्याला विचारावे. ते कोठे आणि कोणाला दाखवले जाईल हे त्याला समजेल अशा भाषेत सांगावे. नको म्हणाला तर मोबाईल खिशात ठेवावा. दुसरी, प्रत्येक चित्रफितीखाली कलावंताचे वा मंडळाचे नाव, गाव, प्रसंग आणि साल लिहावे, आणि त्याची हरकत नसेल तर कार्यक्रमासाठी संपर्क कोठे साधावा हेही लिहावे. एका ओळीच्या या कामाने पाहणारा आणि बोलावणारा यांतले अंतर मिटते. तिसरी, संपूर्ण प्रयोग टाकण्याऐवजी दोन-चार मिनिटांचा वेचा टाकावा. पूर्ण चित्रण मात्र ग्रंथालयात अभ्यासासाठी जपावे, कारण म्हाताऱ्या कलावंतांबरोबर चालीही जात आहेत. चौथी, ज्यांना कार्यक्रम ऐकण्याची खरी आवड आहे अशा माणसांची, मग ती थोडी का असेनात, एक यादी ठेवावी आणि त्यांना वेळेवर कळवावे. आणि पाचवी, कार्यक्रम संपल्यावर 'कसे वाटले?' हे विचारावे, आणि आलेले उत्तर कलावंतापर्यंत पोहोचवावे. लिहिता न येणाऱ्याने आवाजात पाठवले तरी चालेल. पडद्यावरच्या अंगठ्यापेक्षा 'तुमच्या आजीच्या भारुडात एक कडवं आणखी होतं, ते का गाळलं?' असे विचारणारा एक श्रोता मोलाचा आहे.

समारोप

सारांश, समाजमाध्यमांनी कलासंस्थांची वर्दी सोपी केली, हे मान्य केले पाहिजे. आडवळणाच्या जिल्ह्यातील विद्यार्थ्याला त्यांनी नाटक दाखवले, हे उपकारही विसरता येणार नाहीत. परंतु भरवसा आणि प्रतिसाद ही दोन कामे कोणतेही यंत्र आपोआप करीत नाही. ती माणसानेच करावी लागतात. ज्या संस्थांनी ती केली त्यांना प्रेक्षक मिळाला. ज्यांनी केवळ आकडे मोजले त्यांना आकडेच मिळाले. आणि ज्या कलावंतांची नावेच कोणी लिहिली नाहीत, त्यांना तर आकडेही मिळाले नाहीत.

आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात आज दवंडीची हलगी आहे. ती कोणाच्या नावाने वाजवायची, हे आपण ठरवायचे आहे. येत्या महोत्सवाच्या तयारीस लागताना निदान ज्यांच्याकडून आपण चाल घेतो त्यांचे नाव आपल्या पत्रकावर छापले जावे, एवढी अपेक्षा व्यक्त करून मी हा लेख पुरा करते.